जुन्या आवृत्तीची उत्तरपूजा

लालबागच्या आमच्या चाळीत साधा सभासद हा प्राणी नामशेष झाला आहे. उत्सव मंडळाला अध्यक्ष आहे, कार्याध्यक्ष आहे, तीन उपाध्यक्ष आहेत, सरचिटणीस, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, सहखजिनदार, हिशेब तपासनीस आहेत आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला सल्लागार आहेत. ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही त्यांना आधारस्तंभ म्हणतात. चाळ अजून उभी आहे ती बहुधा या आधारस्तंभांमुळेच, कारण खालचे लाकडी टेकू केव्हाच कुजले आहेत.

तर या मंडळाला एका होतकरू पुढाऱ्याने कॉम्प्युटर भेट दिला. मॉनिटरवर त्याच्या हात जोडलेल्या फोटोचा स्टिकर होता, आणि तो इतका मोठा होता की पडद्याचा उजवा खालचा कोपरा, जिथे घड्याळ दिसतं, तो कायमचा झाकला गेला. काढायचा म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणे, "राहू दे ताई, उद्या तो आला तर काय बोलेल?" तो पुन्हा कधीच आला नाही. घड्याळही दिसलं नाही.

कॉम्प्युटरचं करायचं काय, हा प्रश्न काही महिने तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत टॉवेल पांघरून पडून होता. मग आदर्श मंडळ स्पर्धा जाहीर झाली. आदल्या वर्षी शेजारच्या गल्लीतल्या मंडळाने रक्तदान, वृक्षारोपण आणि नेत्रतपासणी एकाच दिवशी उरकून ढाल नेली होती. त्यांच्या झाडांपैकी एकही जगलं नाही, पण ढाल काचेच्या कपाटात आहे आणि येताजाता आमच्या लोकांना दिसते. यंदा काहीतरी डिजिटल करायचं, असं मंडळाच्या बैठकीत ठरलं. म्हणजे नेमकं काय, ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला.

मी पूर्वीच्या एका गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत नोकरी करते. माझे वडील त्याच आवारात साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. मी तिथे लोकांचे विसरलेले पासवर्ड परत मिळवून देते, त्यांच्या मशीनवर नव्या गोष्टी बसवते आणि जुन्यांची डागडुजी करते. चाळीच्या लेखी मी म्हणजे कॉम्प्युटरवाली. त्यामुळे रविवारी सकाळी अध्यक्षकाका माझ्या दारात येऊन उभे राहिले, हे ओघानेच आलं.

"गो बाय, माका एक सांग, पोरांनी कॉम्प्युटरवर धडे गिरवूक होये, परीक्षा पण थयच, निकाल पण थयच. असा काय असता?"

असतं. ज्यांनी हा खटाटोप केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. धडे, प्रश्न, चाचण्या, निकाल हे सगळं एका जागी सांभाळणारी प्रणाली फुकट मिळते. मोठ्या शाळा-कॉलेजं ती इंटरनेटवर जागा भाड्याने घेऊन चालवतात. आमच्या मंडळाला भाडं या शब्दाचं वावडं, आणि तळमजल्याच्या त्या खोलीत फोनची रेंजसुद्धा दाराबाहेर चपला काढून थांबते. म्हणून मी ती त्याच कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची ठरवली. म्हणजे सर्व्हर तोच आणि पडदाही तोच, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. याला लोकल म्हणतात असं सांगितल्यावर काका भलतेच खूश झाले.

"लोकलच होया. भायरच्यांका कित्याक?"

आधी सर्व्हर, मग डेटाबेस, मग प्रणाली अशी बसवायची पद्धत असते. बसवायला मी एकटी होते, बघायला पाच पदाधिकारी खुर्च्या टाकून बसले होते. पहिल्याच रविवारी घोडं एका अर्धविरामापाशी अडलं. सर्व्हरच्या एका फायलीत काही ओळी अर्धविराम लावून झोपवलेल्या असतात. त्यातली हवी ती ओळ शोधून तिचा अर्धविराम खोडला की ती कामाला लागते. कोणती ओळ, ते शोधण्यात माझी दुपार गेली.

"काय झालं ताई? थांबलं का?"

"एक अर्धविराम काढायचाय."

"मग काढा की. आमची काय हरकत नाय."

नंतर पेनड्राइव्हवरून मराठी भाषेचा संच उतरवला. तो कुणी तयार केला देव जाणे, पण त्या माणसाने मराठी ऐकली असावी ती भिंतीपलीकडून. एका चौकटीत "तुम्ही खरोखर निश्चित आहात का?" असा थेट अध्यात्मातला प्रश्न होता आणि खाली हो-नाहीची बटणं होती. सल्लागार तो वाचून बराच वेळ गंभीर झाले होते.

खरी लढाई पुढे होती. प्रणाली प्रत्येकाला विचारते की तू कोण, आणि तिच्याकडे उत्तरं मोजकीच असतात. प्रशासक, शिक्षक, विद्यार्थी. प्रशासकाला सगळं दिसतं, सगळं बदलता येतं आणि सगळं पुसताही येतं, म्हणून शहाण्या ठिकाणी तो एकच ठेवतात. मी काकांना विद्यार्थी म्हणून नोंदवायला घेतलं, का तर निदान दोन प्रश्न सोडवून बघतील.

"तू माका विद्यार्थी करतंस?" काका खुर्चीतून उठलेच. "माजी साठी उलटली गो!"

"बरं, मग तुम्ही एकटे प्रशासक."

"का म्हणून?" एका उपाध्यक्षांचा आवाज आला. "बॅनरवर पण दर टायमाला यांचाच फोटो मोठा. इकडे पण तेच?"

मग कार्याध्यक्षांनी राजीनाम्याची भाषा केली. आमच्याकडे राजीनामा ही दर आठवड्याला देऊन दर आठवड्याला परत घेण्याची गोष्ट आहे, पण त्यात संध्याकाळ जाते. शेवटी मी हात टेकले आणि जो जो पुढे आला त्याला प्रशासक केलं. सहखजिनदारसुद्धा प्रशासक झाले, ज्यांना माऊस उजव्या हातात धरायचा की डाव्या, हे अजून ठरवता आलेलं नाही. अख्ख्या प्रणालीत शिक्षक मी एकटी आणि विद्यार्थी शून्य. पोरं कुठे होती? पोरं आपापल्या क्लासला गेली होती. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात दारात वहिनी, म्हणजे अख्ख्या चाळीची वहिनी, उभी राहिली. आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहते. परळच्या एका हॉस्पिटलमध्ये आया आहे, कंत्राटी. स्ट्रेचर ढकलणं, बेडपॅन देणं, रडणाऱ्या नातेवाइकांना पाणी देणं, हे सगळं ती कायमच्या आयांइतकंच करते, फक्त कायम नाही. पुढच्या वर्षअखेरीला कायम भरती निघणार, तिला दहावी पास लागणार, आणि त्यानंतरच्या भरतीत ती वयात बसणार नाही, हे तिला हॉस्पिटलात स्वच्छ सांगितलं होतं. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली होती. सगळे विषय सुटले, मराठीत तर तिने मला मागे टाकलं. गणित तेवढं राहिलं. आता मार्चमध्ये पुन्हा बसायचं होतं.

"माझं नाव काय पण घाल त्यात," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली, "पण गणित शिकव."

मी तिला विद्यार्थी केलं. मंडळाने टाळ्या वाजवल्या, कारण आता उपक्रम सुरू झाला असं म्हणता येत होतं.

गणपती उरकले आणि आम्ही खरोखर कामाला लागलो. मी रविवारी बसून प्रश्न घालायचे. वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, समरूप त्रिकोण, आणि ते अर्थनियोजन नावाचं प्रकरण, ज्यात शेअर घेताना दलाली किती पडते ते काढायचं असतं. वहिनीने आयुष्यात शेअर पाहिला नाही, पण दलाली ती चुटकीसरशी काढायची. कंत्राटदार तिच्या पगारातून काय काय कापतो ते कळण्यासाठी ती हे आधीच शिकलेली होती. तिचं घोडं पेंड खायचं ते वर्गसमीकरणात. नेमकं चिन्हाच्या जागी, वजाला वजाने गुणताना.

सकाळची ड्युटी करून ती दुपारी परत आली की कपडे बदलून खाली यायची आणि प्रणालीसमोर बसायची. मला नंतर तिचं सगळं दिसायचं. कुठे अडली, कोणतं गणित पुन्हा केलं, कोणती चूक सुटली आणि कोणती पुन्हा उगवली. त्यावरून मी पुढच्या आठवड्याचे प्रश्न बनवायचे. नुसतं "नापास" असं सांगणारे जगात पुष्कळ भेटतात. तू नेमकी इथे चुकतेस, असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात वजाच्या चुका निम्म्यावर आल्या. मी तिला ते पडद्यावर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी अगदीच ढ नाय तर." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

या काळात प्रशासक मंडळी काय करत होती? सगळे एकदा येऊन आपलं नाव आणि त्यामागचं पद बरोबर लिहिलंय का ते तपासून गेले. मग त्यांना विषय तयार करायचं बटण सापडलं. वहिनीच्या गणिताखाली हळूहळू "शुभ सकाळ", "गाड्या कुठेही लावू नये" आणि "अंडरआर्म क्रिकेट" असे विषय उगवले. "शुभ सकाळ"मध्ये सूर्योदयाचे इतके फोटो होते की डेटाबेसला दम लागायचा. मी पुसायचे, ते पुन्हा घालायचे. कुणी घातलं म्हणून विचारावं तर सगळेच प्रशासक, त्यामुळे कुणीच नाही.

जानेवारीत कुणा प्रशासकाने दारात मोबाईल धरून त्याचं नेट कॉम्प्युटरला जोडलं आणि प्रणालीच्या माथ्यावर लाल पट्टी आली. नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. ही पट्टी फक्त प्रशासकांना दिसते. म्हणजे ती अख्ख्या चाळीला दिसली, एकट्या वहिनीला सोडून.

मी बैठक बोलावून सांगितलं की पट्टीला कुणीही हात लावायचा नाही. नव्या आवृत्तीला सर्व्हरही नवा लागतो, डेटाबेस नीट उतरवून घ्यावा लागतो, मगच पुढचं. वहिनीची परीक्षा झाली की मी स्वतः करीन. चालतंय ते चालू द्या, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवाय मी सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन, त्याला रबरबँडने कागद लावून, कागदावर "हात लावू नये" असं लिहून मंडळाच्या कपाटात ठेवली. पण आमच्या मंडळाच्या कपाटात ढोलाच्या टिपरूपासून सतरंजीपर्यंत प्रत्येक वस्तूवर "हात लावू नये" असंच लिहिलेलं आहे. आणि कपाटाची चावी, अर्थातच, प्रत्येक पदाधिकाऱ्याकडे आहे.

फेब्रुवारीत परीक्षक येण्याचा दिवस कळला. त्याच सुमाराला शेजारच्या गल्लीनेही कॉम्प्युटर आणल्याची बातमी आली. आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर ती लाल पट्टी नाचू लागली. परीक्षकांना जुनी आवृत्ती दाखवायची म्हणजे मागच्या वर्षीच्या मखरात यंदाचा गणपती बसवण्यासारखं झालं असतं.

मला हे कळलं ते ऑफिसच्या कँटीनमध्ये, मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या व्हिडिओतून. मी डब्यातली भाकरी मोडत होते. व्हिडिओत आमचा कॉम्प्युटर पाटावर होता. त्याला झेंडूचा हार होता. समोर निरांजन, खोबऱ्याचा तुकडा, दही-पोहे. अध्यक्षकाका सोवळ्याच्या उपरण्यात. मला आधी वाटलं की नवीन आवृत्तीचा मुहूर्त आहे, करू देत बिचारे. मग काकांनी अक्षता वाहिल्या आणि दोन्ही हातांनी कॉम्प्युटर जागच्या जागी किंचित हलवला.

ज्याने घरी गणपती आणला आहे त्याला हे हलवणं माहीत असतं. ती उत्तरपूजा. मूर्ती जागची हलवली की तिच्यातलं देवपण गेलं, आता ती विसर्जनाला मोकळी. भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. पडद्यावर सरचिटणीस पुढे झाला, सर्व्हरचा अख्खा फोल्डर त्याने निवडला, ज्याच्या पोटात डेटाबेस होता, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "शिफ्ट दाबून कर, कचऱ्यात ठेवू नको, अर्धवट विसर्जन चांगलं नसतं!" त्याने शिफ्ट दाबून केलं. कॉम्प्युटरने त्यांना विचारलंही असेल, तुम्ही निश्चित आहात का म्हणून. ते निश्चित होते. "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या" असा गजर झाला आणि व्हिडिओ संपला. खाली अंगठ्यांचा पाऊस.

मी अर्धी रजा टाकली आणि पायीच निघाले, इतकी पेटले होते. पोचले तेव्हा हार तसाच होता आणि नवीन आवृत्ती बसवून झाली होती. चकचकीत, निळी, रिकामी. पेनड्राइव्ह? तो सरचिटणीसाच्या खिशात होता. नवीन आवृत्ती सायबर कॅफेतून आणायला त्याला पेनड्राइव्ह लागला, कपाटात हा सापडला, भरलेला होता म्हणून आधी साफ केला.

"ताई, एक सांगा," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर लबाडी अजिबात नव्हती, "नवीन बसवायचं म्हणजे आधी जुनं काढायला नको? एका पाटावर दोन मूर्त्या ठेवतो का आपण?"

"अरे, मूर्ती नव्हती ती! तिचा अभ्यास होता!"

"आम्ही नीट केलं पण. पूजाबिजा करून. असं उचलून नाय फेकलं."

वर्षानुवर्षं हे लोक दरवेळी जुनं सगळं मोडतात, मखर, पडदे, रोषणाई, आणि नव्याने उभं करतात, आणि दरवेळी आधीपेक्षा भारी करतात. त्यांच्या हिशेबी काहीच बिघडलेलं नव्हतं. मी त्यांना काय वाट्टेल ते बोलले. पदं काय चाटायचीत का, असंही बोलले. काका खाली बघत हाराची फुलं मोजत राहिले. मग मला रडू आलं, रागाचं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पुसलेल्या फायली परत मिळवण्याचे जेवढे उपाय मला येतात तेवढे सगळे करून पाहिले. पण नवीन आवृत्ती जुनीच्या उरावर बसली होती. हाती लागले ते फक्त सूर्योदयाचे फोटो.

वहिनी नेहमीच्या वेळेला आली. कुणी तिला काही सांगायच्या आत खुर्चीत बसली आणि पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला.

"गो, ह्यो मला ओळखत नाय."

मी सांगितलं. "सगळंच?" तिने विचारलं. मी मान हलवली. त्या प्रश्नांचं मला एवढं नव्हतं, ते मी पुन्हा लिहिले असते. गेल्या होत्या त्या तिच्या चुका. ती कुठे अडते, काय केल्यावर सुटते, हे सगळं त्यात होतं, आणि आमच्या त्या खोलीत तेवढी एकच गोष्ट खरी होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. तीन जण, इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्रं. त्यांना दाखवायला विद्यार्थी हवा होता आणि विद्यार्थी एकच होता. काकांनी तिला फार अजिजीने विचारलं. मी नको म्हणत होते, पण वहिनी आली, ड्युटीच्या साडीतच, आणि रिकाम्या निळ्या पडद्यासमोर बसली. बाकी सगळे प्रशासक बिल्ले लावून भिंतीला टेकून उभे. एका परीक्षकाने विचारलं, "ताई, कसा अनुभव आहे या प्रणालीचा?"

"आधी चांगला होता," ती म्हणाली. "आता त्यात काय नाय."

"साध्या आहेत आमच्या वहिनी," कार्याध्यक्ष घाईघाईने हसले. परीक्षकही हसले. निळ्या पडद्याचा फोटो निघाला, थंड पेय झालं, पाहुणे पुढच्या मंडळाकडे गेले. आम्हाला प्रथम क्रमांक मिळाला. डिजिटल शिक्षणातील भरीव कार्याबद्दल.

या माणसांवर नुसतं चिडून राहता येत नाही, हीच पंचाईत आहे. माझे वडील शेवटचे आजारी होते तेव्हा जिना अरुंद म्हणून याच सरचिटणीसाने त्यांना पाठीवर घेऊन खाली नेलं होतं. काका आठवडाभर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून होते, कुणी बोलावलं नसताना. कुणाचं काही अडलं की ही पलटण धावते, आणि काही अडलं नसलं की अडवते. मला त्यांची माया आहे. त्या फेब्रुवारीत मात्र मी कुणाशी बोलत नव्हते.

परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. प्रणालीला मी पुन्हा हात लावला नाही. वहिनी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसायची, मी घरून काम करायची परवानगी काढली होती, आणि आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायचो. वजाची चूक पुन्हा डोकं वर काढू लागली. आधी ती कशाने सुटली होती ते मला आठवत नव्हतं. तिलाही नाही. मी चिडायचे, ती शांतपणे खोडून पुन्हा मांडायची. पेपर देऊन आली तेव्हा म्हणाली, "बीजगणितात जरा गडबडले. बघू."

निकाल लागायचा होता त्याच्या आदल्या दिवशी चाळीच्या प्रवेशद्वारावर फ्लेक्स चढला. निकालाच्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडे गर्दी असते, उशीर झाला तर शेजारची गल्ली आधी लावेल, असा दूरदर्शी विचार त्यामागे होता. वर अध्यक्षांचा फोटो, मग कार्याध्यक्ष, मग उपाध्यक्ष, कडेने बाकीचे, आधारस्तंभ तळाला ओळीने. मध्ये लिहिलेलं: मंडळाच्या डिजिटल अभ्यासिकेचा दहावीचा निकाल शंभर टक्के, हार्दिक अभिनंदन. आणि एका गोलात वहिनी. हळदीकुंकवाच्या फोटोतून कापून काढलेली, त्यामुळे तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला होता.

दुपारी निकाल लागला. मी ऑफिसातून तिचा नंबर टाकून पाहिला. गणितात चार मार्क कमी.

मी तिला फोन केला. ती वॉर्डात होती. "बरं," म्हणाली. "पेशंट थांबलाय, ठेवते." मी ऑफिसातून निघाले ते तडक घरी, पायरीवर चप्पलही न काढता स्वयंपाकघरातली मोठी कातर घेतली, मंडळाच्या खोलीतलं स्टूल ओढत प्रवेशद्वारापाशी आणलं आणि वर चढले. सरचिटणीस आणि काका तिथेच होते. त्यांनाही निकाल कळला होता, चेहऱ्यांवरून दिसत होतं.

"ताई, उतरा, पडाल. आम्ही काढतो."

"तुम्ही काही काढू नका," मी ओरडले. "तुम्ही काढता तेव्हा काय काय जातं ते बघितलंय मी!"

काकांनी स्टुलाचा पाय धरला, ते डगमगत होतं म्हणून. मी पहिल्या दोरीला कातर लावली. येणारेजाणारे थांबू लागले. समोरचा चिवडेवाला गिऱ्हाईक सोडून बघत होता.

तेवढ्यात वहिनी आली. ड्युटी संपवून, खांद्याला पिशवी, हातात कोथिंबिरीची जुडी. ती फ्लेक्सखाली थांबली आणि मान वर करून तिने तो पहिल्यांदाच नीट वाचला, वरपासून खालपर्यंत, सगळ्यांची पदंसुद्धा. डोळे सुजलेले होते, म्हणजे वाटेत कुठेतरी रडून झालं होतं.

"काय चाललंय गो तुझं?" तिने मला विचारलं.

"कापतेय."

"नको कापू. राहू दे वर." तिने जुडी दुसऱ्या हातात घेतली. "जुलैत पुरवणी परीक्षा आहे. कापलास तर मी सुटल्यावर परत छापायला लागेल त्यांना."

मी कातर घेऊन खाली उतरले.